अस्तराची साक्ष

गर्भपिशवीचं अस्तर दर महिन्याला नव्यानं वाढतं, मऊ होतं, कुणाची तरी वाट पाहतं आणि कुणी आलं नाही की गळून जातं. पस्तीस-चाळीस वर्षं हे असं चालतं, आणि आपण मात्र त्याला अडचण म्हणत आलो.

पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर मला पुन्हा डाग दिसला. सोनोग्राफीत अस्तर 4 मिलिमीटरहून जाड निघालं. डॉक्टर म्हणाल्या, ‘तुकडा तपासायला पाठवू.’ थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, ‘तपासत काय बसतेस? काढूनच टाक. आता काय काम तिचं?’

त्या मायेनंच बोलल्या. पण ‘काढूनच टाक’ हा सल्ला आपल्याकडे बायकांना फार महाग पडला आहे. बीड जिल्ह्यात तीन वर्षांत 4,605 बायकांच्या पिशव्या काढल्याचं 2019 साली सरकारनंच विधिमंडळात सांगितलं. त्यांत ऊसतोडीला जाणाऱ्या कितीतरी होत्या, आणि काहींनी तर तिशीही ओलांडली नव्हती. त्यांच्यातल्या किती जणींच्या अस्तराला आधी कुणी काही विचारलं असेल?

विचारायला लागतं तरी किती! सुमारे 3 मिलिमीटर जाडीची लवचिक नळी. भूल नाही, टाका नाही. स्पेक्युलम लावून ती पिशवीच्या तोंडातून आत सरकवतात आणि नळीतला दांडा मागे ओढतात. त्या ओढीनं अस्तराचे कण नळीत येतात. काही मिनिटांचं काम.

पण ती मिनिटं दुखतात. ‘काही होत नाही’ असं कुणी बाईला सांगितलं की मला संताप येतो. पाळीतली जोराची कळ असते ना, तशी कळ ओटीपोटातून उठून कंबरेत जाते. कुणाला थोडी, कुणाला असह्य. एखादीला घेरीही येते. डॉक्टरांना विचारून तासभर आधी वेदनाशामक गोळी घ्यावी, रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर सांगावं, आणि सहन होईना तर ‘थांबा’ म्हणावं. थांबतात. नंतर एक-दोन दिवस डाग पडतात. ताप, घाण वास किंवा भळभळ रक्त मात्र अंगावर काढू नये.

फॉर्मालिनच्या बाटलीतून ते कण पॅथॉलॉजिस्टकडे जातात. 1950 साली नॉयस, हर्टिग आणि रॉक या तिघांनी अस्तराच्या ग्रंथी पाहून पाळीच्या चक्राचा दिवस कसा ओळखावा ते मांडलं. तो हिशेब तितका अचूक नाही, असं पुढे दिसून आलं. तरीही माझ्या आतल्या अंधारातले दिवस काचेवर कुणी वाचू शकतं, या कल्पनेनं मी हरखते. अर्थात नळी आत न पाहताच फिरते; एखादा कोंब तिच्या हाती लागत नाही. तेव्हा दुर्बिणीनं पाहावं लागतं.

माझ्या रिपोर्टात अस्तर वाढलेलं होतं, पण पेशी बिघडलेल्या नव्हत्या. प्रोजेस्टेरॉन सुरू झालं. सहा महिन्यांनी पुन्हा तुकडा. त्या दिवशी पुतणीलाही डॉक्टरांकडे नेणार आहे. पस्तिशीची आहे, अंगावरून फार जातं, गोळ्यांना दाद नाही, आणि गावाकडे पिशवी काढायची तारीखही ठरली होती. ती तारीख आम्ही रद्द केली आहे.