सायकल, कॅमेरा आणि राहून गेलेला फोटो

रविवारी पहाटे पाचचा अलार्म लावणारी माणसं एकतर मॅरेथॉनची तयारी करत असतात, नाहीतर त्यांच्या डोक्यावर परिणाम झालेला असतो, असं माझ्या रूममेटचं ठाम मत आहे. मॅरेथॉनशी माझा काही संबंध नाही, तेव्हा काय ते समजून घ्या. २०१९ मध्ये पहिल्या पगारातून एक सेकंडहँड सायकल घेतली, आणि मधला लॉकडाऊन सोडला तर माझा रविवार तेव्हापासून ठरलेला आहे. वडाळ्याहून निघायचं, कॅमेऱ्याची बॅग अंगावर आडवी टाकायची आणि सुटायचं थेट साउथ बॉम्बेकडे.

‘मुंबईत सायकल? जीव वर आलाय का?’ हा प्रश्न मला ऑफिसातल्या प्रत्येकाने एकदा तरी विचारलाय. त्यावर माझं उत्तर एकच. एकदा रविवारी सहाच्या आत रस्त्यावर येऊन बघा. टॅक्स्या कडेला झोपलेल्या असतात. हॉर्न नाही, घाई नाही. आणि सायकलवर तुम्ही एकटे नसता बरं! कॅरिअरला पावाची भलीमोठी पिशवी लटकवून चाललेला पाववाला असतो, हँडलला किटल्या अडकवलेला दूधवाला असतो, पेपरवाला पोरगा असतो. या शहरातले खरे सायकलवाले हेच. आपण आपले हौशी कलाकार.

सायकलचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे कुठेही थांबता येतं. फोटोग्राफरला दुसरं काय हवं? बाइकवरून एखादी फ्रेम दिसेपर्यंत ती मागे गेलेली असते. गाडीत तर पार्किंग शोधण्यातच उजेड बदलतो. सायकलवर ब्रेक दाबला, एक पाय फुटपाथला टेकवला की झालं काम.

आणखी एक गंमत सांगते. मुंबईतले झकपक नवे रस्ते सायकलला चालतच नाहीत. वांद्रे-वरळी सी लिंकवर सायकलला बंदी, कोस्टल रोडवर बंदी, २०२४ मध्ये सुरू झालेल्या अटल सेतूवरही बंदी. जे.जे. फ्लायओव्हरवर तर स्कूटरलाही मनाई आहे. पहिल्यांदा या गोष्टीचा सॉलिड राग यायचा. मग लक्षात आलं, की त्यामुळेच मला जुन्या रस्त्याने जावं लागतं, आणि बघण्यासारखं सगळं त्या जुन्या रस्त्यावरच आहे.

माझा रूट एकदम सरळ. वडाळ्याहून नायगाव, तिथून आंबेडकर रोड धरला की परळ, लालबाग, भायखळा. लालबागला मिरची गल्लीची दुकानं उघडलेली नसतात, तरी मसाल्याचा वास हवेत असतोच. मान वर केली, की गिरण्यांच्या जागी उभे राहिलेले टॉवर दिसतात. भायखळ्याला राणीच्या बागेची झाडं, शेजारी १८७२ चं म्युझियम, आजचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. पुढे जे.जे.च्या पुलाखालून मोहम्मद अली रोड, आणि मग समोर येतं आपलं लाडकं सीएसएमटी.

इथे एक टिप. सीएसएमटीची दर्शनी बाजू पश्चिमेकडे आहे, त्यामुळे सकाळी ती सावलीत असते. घाईघाईत क्लिक करू नका. समोरच्या महापालिकेच्या बाजूला उभं राहा, मागचं आकाश उजळू द्या, मग घुमट आणि कमानी कशा कापून काढल्यासारख्या दिसतात ते बघा. स्टेशन आणि महापालिका, दोन्ही इमारती एकाच आर्किटेक्टच्या, एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सच्या. पुढे ओव्हल मैदानाला वळसा घालायचा. एका बाजूला व्हिक्टोरियन गॉथिक, दुसऱ्या बाजूला आर्ट डेको, आणि मध्ये पोरांचं क्रिकेट. या सगळ्याला मिळून २०१८ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हटलं. सीएसएमटीला तो मान २००४ मध्येच मिळालाय. शेवटी गेटवेला कटिंग मारायचा आणि ऊन चढायच्या आत घरी.

थांबा. एक स्टॉप सांगायचा राहिला. खरं तर पहिलाच.

नायगावच्या बीडीडी चाळीत माझी आजी राहायची. शंभर वर्षांपूर्वी इंग्रजांच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने बांधलेल्या या चाळी. तळमजला अधिक तीन मजले, लांबलचक पॅसेज, दोन्ही बाजूंना खोल्या. प्रत्येक खोली १६० चौरस फुटांची. तेवढ्यात आजोबांनी गिरणीची नोकरी केली, १९८२ चा संप काढला आणि तीन पोरं वाढवली. आजीची खोली तळमजल्यावर होती. मी दर रविवारी पावणेसहाला सायकल पॅसेजमध्ये टेकवायचे, आजी दारात कप घेऊन उभी असायची. ‘बाय, उभ्याने पिऊ नको गं’, हे तिचं वाक्य ठरलेलं. मी उभ्यानेच चहा प्यायचे, कारण मला उजेड गाठायचा असायचा!

२०२२ मध्ये पुनर्विकासासाठी चाळ रिकामी झाली. आजी डोंबिवलीला काकांकडे गेली. काही महिन्यांनी मी त्या बाजूने गेले, तेव्हा तिथे पत्रे ठोकलेले होते आणि आत जेसीबी चालू होता.

त्यानंतरच्या गणपतीत आजीला लॅपटॉपवर माझे फोटो दाखवत बसले होते. सीएसएमटी, राजाबाई टॉवर, पावसातला मरीन ड्राइव्ह. आजी कौतुकाने बघत होती. मग म्हणाली, ‘आता आपली चाळ दाखव.’

मी फोल्डर उघडत गेले. एकट्या सीएसएमटीचे चारशेच्या वर फोटो निघाले. आजीच्या चाळीचा एकही नाही. म्हणजे तीन वर्षं दर रविवारी मी कॅमेरा गळ्यात घालून तिच्या दारात उभी होते, आणि एकदाही झाकण काढलं नव्हतं. ‘आपलीच तर चाळ, ती कुठे जातेय!’ असंच काहीसं डोक्यात असणार.

शेवटी एक सापडला. सायकल नवीन असताना मिरवायला काढलेला. मध्यभागी चकचकीत सायकल, मागचं सगळं मी मुद्दाम धूसर केलेलं. मी जरा ओशाळूनच तो दाखवला. आजीने सायकलकडे बघितलंसुद्धा नाही. मागच्या धुरकट निळ्या डागावर बोट ठेवून म्हणाली, ‘हे आपलं पाण्याचं पिंप.’ एक तपकिरी रेघ, ‘हा समोरच्यांचा बाक. तुझे आजोबा संपात इथेच बसायचे गं सगळ्यांबरोबर.’ कोपऱ्यात पांढरं काहीतरी होतं. ते ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, ‘मीच ती. चहा घेऊन आलेय.’

फोटोग्राफीच्या कुठल्याच वर्कशॉपमध्ये मी इतकी वरमले नव्हते.

सीएसएमटीची काळजी घ्यायला युनेस्को आहे, सरकार आहे, रात्रीची रोषणाई आहे. पुढच्या रविवारी ते तिथेच असणार आहे. आजीच्या पिंपाची यादी कोणी ठेवत नाही. चाळ पाडायला नको होती, असं मी म्हणणार नाही. १६० फुटांत आयुष्य काढलेल्यांना ५०० चौरस फुटांचं घर आणि स्वतःचं टॉयलेट हक्काने मिळायलाच हवं. वरळीत तर ऑगस्ट २०२५ मध्ये पहिल्या ५५६ कुटुंबांना चाव्या मिळाल्यासुद्धा. आजीही तिच्या चावीची वाट बघतेय. पण पाडायच्या आधी एक नीट फोटो? तेवढं तर माझ्या हातात होतं.

तेव्हापासून माझा फंडा बदललाय. गेटवेपर्यंत पोहोचलेच पाहिजे असा हट्ट सोडला. जिथे रोज जातो तिथे आधी थांबते. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला, जिन्याखालचा मीटर बोर्ड, पिठाच्या गिरणीचं दार. आधी विचारते, मग क्लिक करते, आणि पुढच्या फेरीला प्रिंट नेऊन देते.

तुम्हालाही या रविवारी निघायचं असेल, तर फार तयारी लागत नाही. बॅगेचा पट्टा आखूड ठेवा, म्हणजे कॅमेरा गुडघ्यावर आपटत नाही. पुढे-मागे लाइट आणि डोक्याला हेल्मेट मस्ट. फोन असला तरी चालतो. आणि पहिला फोटो स्वतःच्या बिल्डिंगच्या गेटपाशी काढा.

तो धूसर फोटो मी मोठा करून आजीला दिलाय. डोंबिवलीच्या हॉलमध्ये तो भिंतीवर आहे. येणारे-जाणारे विचारतात, ‘आजी, सायकलचा फोटो कशाला लावलाय?’ मग आजी उठते आणि सायकल सोडून बाकी सगळं त्यांना दाखवते.