पावसाची वही

या स्मरणिकेच्या निमित्ताने मागे वळून पाहताना आम्हा माजी विद्यार्थ्यांना जाणवते की, परिसर अभ्यासाचे धडे आम्ही पुस्तकापेक्षा अंगणात अधिक शिकलो. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण हा विषय शिक्षणात अनिवार्य करण्याचा निर्देश दिला. पुढे पाठ्यपुस्तके आली, तक्ते आले, प्रकल्पवह्या आल्या. परंतु निवासी शाळेतील मुलाजवळ याहून मोठे साधन असते. तो चोवीस तास त्याच परिसरात राहतो, त्याच टाकीचे पाणी पितो.

आमचे पर्जन्यमापक म्हणजे सरळ भिंतींची एक प्लॅस्टिकची बाटली. तिचा वरचा भाग कापून नरसाळ्यासारखा उलटा बसवायचा, तळाशी खडे घालून शून्याच्या खुणेपर्यंत पाणी भरायचे आणि रोज सकाळी साडेआठला पाऊस वहीत नोंदवायचा. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, हे कळले आणि गणिताला अर्थ आला. शंभर चौरस मीटर छतावर ७०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ७०,००० लिटर पाणी. पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले तरी ५६,००० लिटर उरते. दोनशे मुलांना रोज प्रत्येकी पाच लिटर पिण्यास दिले, तर ते छप्पन्न दिवस पुरेल. विदर्भाच्या उन्हाळ्यात छप्पन्न दिवसांचे मोल काय, हे येथील पालकांना सांगावयास नको.

मात्र पर्यावरणाचे सर्वच धडे इतके सरळ नसतात. आपल्या कारंजा परिसरात कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य आहे. काळवीट हा गवताळ माळरानाचा प्राणी. माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे, हे त्याच्याकडे पाहून उमगते. पण ज्या मुलाच्या वडिलांचा हरभरा कळपाने एका रात्रीत फस्त केला, त्याने निबंधात 'वन्य प्राणी आपले मित्र' असे कोणत्या मनाने लिहावे? त्याला गप्प बसविणारे शिक्षण खरे नव्हे. प्राण्यांच्या पाऊलखुणा ओळखण्याइतकेच पीकहानीचा पंचनामा कसा होतो, वनविभागाकडे भरपाईचा अर्ज कसा करतात, हेही मुलांनी शिकले पाहिजे. शेतकऱ्याचे दुःख वगळून रानाविषयी शिकविलेली करुणा अपुरी राहते.

आपल्या परंपरेत ही दृष्टी नवी नाही. भिक्खूंच्या अष्टपरिष्कारांत पाणी गाळण्याचे साधन आहे. पाण्यातील सूक्ष्म जीवांना इजा होऊ नये, हा त्यामागचा हेतू. पावसाळ्यात चालताना कोवळे गवत आणि लहान जीव पायाखाली तुडविले जातात, अशी लोकांनी तक्रार केली. त्यावरून भगवान बुद्धांनी वर्षावासाचा नियम घालून दिला, असे विनयात सांगितले आहे. लोकांचे म्हणणे ऐकून आचरण बदलणे, हाच तो धडा.

आणि २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी दुसरा धडा दिला. पाणी किती आहे, एवढे विचारून भागत नाही. ते कोणाला मिळते आणि कोणाला नाकारले जाते, हेही विचारावे लागते. म्हणून पावसाच्या वहीत आणखी एक रकाना हवा : गावातील कोणत्या वस्तीच्या नळाला किती वेळ पाणी आले? तो रकाना भरणारा विद्यार्थी पुढे ग्रामसभेत आकड्यांनिशी उभा राहील.

आमच्यापैकी काही जण आज शिक्षक आहेत, काही शेतकरी. माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना आमची एवढीच विनंती आहे, की आपल्या विहिरीची पातळी दर महिन्याला मोजून शाळेला कळवावी. झाड लावल्याचे छायाचित्र एका दिवसाचे असते. दहा वर्षांच्या अशा नोंदी जमल्या, तर त्या धनजच्या मुलांसाठी कोणत्याही छापील पुस्तकाहून मोलाचे पाठ्यपुस्तक ठरतील.