युटा हिप पियानो मिटते

युटा हिपची गोष्ट सांगणारे बहुतेक जण शेवटापासून सुरुवात करतात. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणारी, कपड्यांच्या कारखान्यात शिवणकाम करणारी एक अबोल जर्मन बाई. एके काळी तिच्या पियानोवादनाच्या रेकॉर्ड ‘ब्लू नोट’ या नामांकित जॅझ-कंपनीने काढल्या होत्या! मग ऐकणारा चुकचुकतो. या चुकचुकण्याचा मला जरा संशय येतो. कुणी गाणं-वाजवणं सोडलं की तो आपल्याला आपलाच तोटा वाटतो. सोडणाऱ्याला काय वाटलं, हे विचारायची आठवण कुणाला होत नाही.

ती १९२५ची, लाइपझिगची. ज्या गावात संगीतकार बाखने हयातीची अखेरची सत्तावीस वर्षं काढली, त्या गावची. शिकत होती चित्रकला. जॅझ नाझींच्या लेखी हीन संगीत. रेडिओवरून ते हद्दपार झालेलं, आणि युद्ध सुरू झाल्यावर परदेशी केंद्रं ऐकणं हाही गुन्हा. तरीही लाइपझिगची काही तरुण मुलं चोरून एकत्र जमत, रेकॉर्ड ऐकत, वाजवत. त्यांत युटा होती. मनाई केलेल्या सुरांची गोडी वेगळीच असते म्हणतात, पण इथे तेवढंच नव्हतं. वरून बॉम्ब पडत असताना कुठल्या तरी दूरच्या देशात माणसं इतकी मोकळी वाजवतात, हे कानाने कळणं हा केवढा आधार असेल!

युद्ध संपलं, लाइपझिग रशियनांच्या ताब्यात गेलं, आणि १९४६ साली ती पश्चिमेकडे निघून गेली. अमेरिकन सैनिकांच्या क्लबांत वाजवून पोट भरू लागली. १९४८ साली तिला मुलगा झाला. बाप कृष्णवर्णीय अमेरिकन सैनिक. व्हायब्राफोनवाल्या लायोनेल हॅम्प्टनवरून तिने मुलाचं नाव ठेवलं आणि त्याला दत्तक देऊन टाकलं. यावर मी काही लिहिणार नाही. ज्याने तसली भूक आणि तसली लोकनिंदा पाहिलेली नाही, त्याने लिहूही नये.

पुढे सॅक्सोफोनवादक हान्स कोलरच्या संचात ती होती, मग फ्रँकफर्टमध्ये तिचा स्वतःचा संच झाला. १९५४ साली समीक्षक लेनर्ड फेदरने तिला ऐकलं आणि पुढच्याच वर्षी, नोव्हेंबरात, ती न्यूयॉर्कला पोचली. तिथे तिच्या रेकॉर्ड काढणारे कोण, तर ‘ब्लू नोट’चे आल्फ्रेड लायन आणि फ्रान्सिस वुल्फ. दोघेही बर्लिनचे ज्यू, हिटलरच्या जर्मनीतून निसटलेले. ज्या देशाने या दोघांना देशोधडीला लावलं, त्याच देशातून ही आली होती. आणि तिघांनाही जॅझचा नाद तिथेच, त्या मातीत लागलेला.

५ एप्रिल १९५६. बावन्नाव्या रस्त्यावरचा ‘हिकरी हाउस’ हा जॅझ क्लब. बासवर पीटर इंड, ड्रमवर एड थिगपेन. या रात्रीच्या रेकॉर्डवर ‘डियर ओल्ड स्टॉकहोम’ आहे. मूळची ही स्वीडिश लोकधून. अमेरिकनांनी ती जॅझमध्ये आणली, आणि आता एक जर्मन मुलगी ती मॅनहॅटनमध्ये वाजवते आहे. उजवा हात एकेरी सुरांची ओळ पुढे नेतो, डावा मोजकंच बोलतो. दिखाऊपणा नाही. वाक्य पुरं झालं की ती थांबते. टाळी घेण्यासाठी शेपूट जोडत नाही. त्याच वर्षी जुलैत सॅक्सोफोनवादक झूट सिम्सबरोबर केलेली रेकॉर्ड तर आणखी मोकळी आहे. तिची पहिली छपाई आज संग्राहक हजारो डॉलर मोजून घेतात.

समीक्षक म्हणाले, ही पियानोवादक होरेस सिल्व्हरची नक्कल करते. सिल्व्हर तिचा आवडता होता आणि ते वाजवण्यात ऐकूही येतं. पण जॅझमध्ये कोण कुणाचं ऐकून शिकलेलं नाही? फेदरशी तिचं बिनसलं. मंचावर बसायची मुळातच धास्ती, त्यात दारूचा आधार. झूटबरोबरच्या त्या रेकॉर्डनंतर तिने स्वतःच्या नावाने एकही केली नाही. काही वर्षांत वाजवणंही संपलं. मग कारखाना, तोही तब्बल पस्तीस वर्षं.

मला मात्र त्या पस्तीस वर्षांत नुसता अंधार दिसत नाही. दरमहा पगार होता, रात्री झोप होती, आणि हातात पुन्हा कुंचला आला होता. ती जलरंगात चित्रं काढी, फोटो घेई, जॅझवाल्यांची अर्कचित्रं काढी. अर्कचित्र काढायला माणसाकडे प्रेमाने आणि जरा खट्याळपणे पाहावं लागतं. कडवट झालेल्या माणसाला ते जमत नाही.

२००१च्या सुमारास ब्लू नोटच्या माणसांनी तिला शोधून काढलं आणि साचलेल्या मानधनाचा सुमारे ४० हजार डॉलरचा चेक तिच्या हातात ठेवला. दोन वर्षांनी, एप्रिल २००३मध्ये, सनीसाइडमधल्या घरी ती गेली. देह तिने कोलंबिया विद्यापीठाला दिला होता. त्यामुळे फुलं घेऊन जाण्याजोगी तिची कबर नाही. चाहत्यांची थोडी पंचाईत होते, पण तिला ती व्यवस्था पसंत होती.