बर्फाला खरं वजन सांगा!

बर्फ म्हटलं की आपल्याला काय आठवतं? मनाली, सोलंग व्हॅली आणि रस्त्याकडेच्या दुकानातून भाड्याने घेतलेला तो ढगळ कोट आणि गमबूट. माप वगैरे बघायच्या भानगडीत कोणी पडत नाही. फोटो काढायचे, एकमेकांवर बर्फ उडवायचा, मॅगी खायची आणि परत. तासाभराच्या मजेला ते चालूनही जातं. पण कंपनीने ऐन डिसेंबरात ऑनसाइट पाठवलं, किंवा दादा-वहिनी तिकडे आहेत म्हणून तुम्ही सुट्टी टाकून अमेरिकेला गेलात, तर खऱ्याखुऱ्या बर्फात चालायची वेळ येते. आणि तिथे माप चुकलं की ट्रिप खल्लास!

नाव पॅरडाइज, बर्फ नऊ मजले

सिएटलपासून साधारण १७० किलोमीटरवर माउंट रेनियर आहे. ४,३९२ मीटर उंचीचा ज्वालामुखी, अंगावर बाराही महिने हिमनद्या. त्याच्या दक्षिण उतारावर, सुमारे १,६४५ मीटरवर पॅरडाइज नावाची जागा आहे. उन्हाळ्यात इथे रानफुलांची कुरणं असतात. हिवाळ्यात त्याच कुरणांवर बर्फ चढतो, आणि तो किती? १९७१-७२ च्या हिवाळ्यात इथे एकूण २८.५ मीटर बर्फ पडला. नऊ मजली इमारतीएवढा! तेव्हाचा तो जागतिक विक्रम १९९८-९९ मध्ये याच राज्यातल्या माउंट बेकरने मोडला.

सिएटलच्या शेजारी बेलव्ह्यू-रेडमंडकडे आयटीतली मराठी मंडळी भरपूर. माझा आतेभाऊ त्यातलाच. वजन ९८ किलो. मुलगी सात वर्षांची, वजन २२ किलो. आदल्या वर्षी भाड्याने मिळालेल्या छोट्या स्नोशूजवर दादा मांडीपर्यंत बर्फात रुतला होता. त्यानंतर त्याने ठरवूनच टाकलं, 'तुम्ही जा, मी व्हिजिटर सेंटरमध्ये कॉफी पीत बसतो.' लेक मात्र हट्टाला पेटलेली. 'बाबा येणार नसेल तर मीपण नाही!' त्यामुळे या वेळी प्रश्न नुसत्या भाड्याच्या सामानाचा नव्हता.

फंडा सिंपल आहे

ताज्या बर्फात बरीचशी हवाच असते. बुटाने चालाल तर सगळं वजन तळव्याएवढ्या जागेवर येतं आणि पाय खचकन आत जातो. स्नोशू तेच वजन चार-पाच पट मोठ्या जागेवर पसरवतो. उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांनी लाकडाच्या वाकवलेल्या चौकटीत चामड्याच्या वाद्या विणून हेच साधलं होतं. आता चौकट अॅल्युमिनियमची किंवा अख्खा साचा प्लॅस्टिकचा आणि खाली घट्ट पकडणारे धातूचे दात, एवढाच फरक.

म्हणून काउंटरवर पहिला प्रश्न बुटाच्या नंबरचा नसतो, वजनाचा असतो. आणि गंमत तिथेच होते. काउंटरवरच्या मुलाने विचारलं तेव्हा दादा शांतपणे म्हणाला, 'नव्वद.' वहिनी मागून लगेच, 'अरे, खरं सांग ना! इथे कोण तुझं लग्न जुळवतंय?'

हसू आलं तरी मुद्दा सीरियस आहे. बर्फावर नुसतं तुमचं वजन पडत नाही. बूट, जॅकेट आणि पाठीवरची सॅकही त्यात आली. दादाच्या सॅकमध्ये थर्मास, खाऊ, लेकीचे जादा कपडे असे सात किलो होते. बूट-जॅकेट मिळून आणखी चार. म्हणजे हिशोब ९० चा नाही, १०९ चा! स्नोशूजची मापं कंपनीगणिक थोडी बदलतात, पण अंदाज असा: २५ इंची जोड साधारण ९० किलोपर्यंत, ३० इंची ११० च्या आसपास, त्यापुढे ३६ इंची. 'नव्वद' वर दादाला २५ इंची मिळाला असता आणि पुन्हा मांडीपर्यंत बर्फ. खऱ्या आकड्यावर ३० इंची मिळाला.

मग सरळ ३६ इंचीच का नको? कारण जितका लांब-रुंद स्नोशू, तितकं फेंगडं चालावं लागतं. कंबर आणि गुडघे बोलायला लागतात, अरुंद वळणावर पाय पायात अडकतो. बर्फाचा प्रकारही बघावा लागतो. पॅसिफिकवरून येणाऱ्या दमट हवेमुळे इथला बर्फ बऱ्याचदा जड आणि ओलसर असतो. लोक त्याला गमतीने 'कॅस्केड काँक्रीट' म्हणतात. तो भुसभुशीत कोरड्या बर्फापेक्षा जास्त भार पेलतो. मळलेल्या वाटेवर मधलं माप चालतं. कोरड्या, ताज्या, खोल बर्फात एक माप वर जा. काही स्नोशूजना मागे जोडायच्या जादा शेपट्याही मिळतात. वजन जास्त असणाऱ्यांसाठी ती भन्नाट सोय आहे. वाटेवर काढून ठेवा, खोल बर्फात लावा.

वजनदार मंडळींनी आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. एक, बुटाला जखडणारे पट्टे तुमच्या जाड बुटाभोवती पुरतात का? दुकानातच बूट घालून, दहा पावलं टाकून बघा. दोन, टाचेखाली उचलता येणारी तार आहे का? चढावर ती वर केली की टाचेला आधार मिळतो आणि पोटऱ्या वाचतात.

'वाढत्या मापाचं' नको!

शाळेचा गणवेश वाढत्या मापाचा घ्यायचा ही आपली राष्ट्रीय सवय. स्नोशूजच्या बाबतीत ती घरीच ठेवा. मूल मोठ्या माणसाच्या निम्म्याहून हलकं असतं, त्याला इतकी जागा लागतच नाही. वीस-बावीस किलोच्या मुलाला साधारण १५ ते २० इंची छोटा जोड पुरतो. मोठा दिला तर ते स्वतःच्याच पायावर पाय देऊन पडतं, आणि तिसऱ्यांदा पडलं की उरलेली ट्रिप तुमच्या कडेवर!

मुलांच्या स्नोशूजमध्ये दोन जाती आहेत. अंगणात खेळायच्या प्लॅस्टिकच्या, आणि खाली धातूचे दात असलेल्या. चढ-उतार असेल तर दुसऱ्याच घ्या. पट्टे असे हवेत, की हातमोजे घालून मुलाला स्वतःला लावता यावेत. आमच्या छोटीने दुकानात तीनदा लावून-काढून दाखवले आणि चौथ्यांदा आत्याचे, म्हणजे माझेही लावून दिले.

जड माणूस पुढे

पॅरडाइजला निस्क्वाली व्हिस्टा नावाची साधारण दोन किलोमीटरची सोपी फेरी आहे. टोकाला निस्क्वाली हिमनदीचा नजारा. आम्ही तीच केली. रात्री नवा बर्फ पडल्याने वाट पुसली गेली होती. अशा वेळी जड माणसाने पुढे चालायचं असतं. त्याच्या पावलांनी बर्फ दाबला जातो आणि मागच्या मुलाला आयती पायवाट मिळते. दादा पुढे, त्याच्या ठशांत उड्या मारत लेक मागे. आधीच्या वर्षी ज्या वजनामुळे तो कॉफी पीत बसणार होता, त्याच वजनाने आता रस्ता तयार होत होता. 'बाबा, तू बुलडोझर आहेस!' हे त्याला मिळालेलं त्या दिवसातलं बेस्ट कॉम्प्लिमेंट!

अर्ध्या वाटेवर एका वळणावर ढग फाटले आणि अख्खा रेनियर समोर आला. दोघंही थांबले. दादाला धाप लागली होती, पण पाय घोट्याच्या वर गेला नव्हता. छोटीने सॅकमधून चिवडा काढला. उणे तापमानात चिवड्याची चव कशी लागते, ते तिथे जाऊनच कळेल.

निघण्याआधी हे बघा

* वजन = तुम्ही + कपडे-बूट + सॅक. लाज बाजूला ठेवून आकडा सांगा.
* १ नोव्हेंबर ते १ मे या काळात पार्कमध्ये प्रत्येक गाडीत टायरच्या साखळ्या असणं सक्तीचं आहे.
* लाँगमायर ते पॅरडाइज रस्ता हिवाळ्यात रात्री बंद होतो, वादळात दिवसाही. त्या दिवसाची स्थिती पार्कच्या वेबसाइटवर बघा.
* हिमस्खलनाचा इशारा नॉर्थवेस्ट अॅव्हलांच सेंटर देतं. इशारा असेल तर उताराखालच्या वाटा टाळा.
* झाडाच्या बुंध्याभोवती बर्फाखाली पोकळी असते. मुलांना तिथे खेळू देऊ नका.
* स्नोशूज घालून मागे पाऊल टाकू नका. गोल वळा.
* जीन्स नको. मुलासाठी मोजे आणि हातमोज्यांचा एक जादा जोड हवाच.
* पहिल्यांदा भाड्याने घ्या. आवडलं तर विकत घ्यायचा विचार करा, आणि तेव्हाही काउंटरवर खरंच बोला!