सिग्मा किती?

२१ जून २०१२ रोजी मंत्रालयाला आग लागली आणि माझ्या पानावरची हिग्ज बोसॉनची बातमी उडाली. त्या धावपळीतही मला मनातून जरा हायसं वाटलं होतं. ती बातमी दोन दिवस माझ्या टेबलावर पडून होती आणि तिच्यातलं एक अक्षर मला कळत नव्हतं.

पुण्यातल्या एका दैनिकात मी नुकतीच उपसंपादक म्हणून लागले होते. बी.ए.ला मराठी, मग रानडे इन्स्टिट्यूटमधून पत्रकारिता. विज्ञानाशी संबंध दहावीनंतर सुटलेला. देशविदेशचं पान माझ्या गळ्यात पडलं, कारण जुनी मंडळी ते घेत नसत. एजन्सीच्या इंग्रजी कॉप्या मराठीत करायच्या, मथळे द्यायचे, रात्री वेळेत पान सोडायचं. तशात एका रात्री कॉपी आली की जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत ‘देवकण’, म्हणजे हिग्ज बोसॉन, सापडल्याची जोरदार कुजबुज आहे, सर्नचा मात्र दुजोरा नाही. वृत्तसंपादकांना आम्ही सगळे काका म्हणायचो. ते म्हणाले, “सापडलाय की नाही, एवढंच बघून सांग गं.”

एवढंच! मी तासभर नेटवर वाचत बसले. ‘सापडला’ म्हणणारे नाव सांगत नव्हते आणि नाव सांगणारे काही म्हणत नव्हते. सर्नच्या जमिनीखालच्या २७ किलोमीटरच्या गोल बोगद्यात प्रोटॉनच्या टकरी होतात. त्या टिपणाऱ्या सीएमएस या अवाढव्य यंत्राचा एक भाग मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेने बांधलाय, हे त्या वाचनात कळलं. म्हणून या कामातल्या एका संशोधकांचा नंबर मिळवला. ते फार सौजन्याने बोलले. चार जुलैपर्यंत मला काहीही सांगता येणार नाही, म्हणाले. “म्हणजे सापडलाय?” मी विचारलं. “म्हणजे चार जुलैपर्यंत सांगता येणार नाही.” राजकारणी असं बोलला की आम्ही बिनदिक्कत त्याचा अर्थ लावतो. इथे काय लावायचा?

शेवटी सदाशिव पेठेतल्या एका निवृत्त भौतिकशास्त्राच्या सरांकडे गेले. आमच्या पुरवणीत ते अधूनमधून लिहीत. त्यांनी चहा मागवला आणि एका लग्नपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर दोन रेघा काढल्या. आडव्या रेघेवर वस्तुमान, उभीवर मोजदाद. डावीकडून उजवीकडे उतरत जाणारी एक वक्ररेषा. तिच्यावर काळे ठिपके आणि प्रत्येक ठिपक्यातून जाणारी एक छोटी उभी रेघ. ती रेघ म्हणजे हा ठिपका कुठवर इकडेतिकडे असू शकतो त्याचा अंदाज. १२५ च्या आसपास त्यांनी दोन-तीन ठिपके वक्ररेषेपासून जरासे वर उचलले.

“हा फुगवटा. सगळा तमाशा एवढ्यासाठी.”

“मग दिसतोय ना, सर?”

“दिसतोय. गेल्या वर्षी एप्रिलात ११५ लाही दिसला होता.”

तो किस्सा मला ठाऊक नव्हता. सर्नमधल्या अॅटलस या दुसऱ्या प्रयोगाचं एक अंतर्गत टिपण २०११ च्या एप्रिलमध्ये बाहेर फुटलं होतं. चौघांच्या नावाचं, ११५ जीईव्ही वस्तुमानाला हिग्ज दिसत असल्याचं सांगणारं. जगभर गवगवा झाला. मग अॅटलसने रीतसर तपासलं, तर तिथे काहीच नव्हतं. त्याच वर्षी १३ डिसेंबरला अॅटलस आणि सीएमएस या दोघांनीही १२४ ते १२६ च्या दरम्यान काहीतरी दिसतंय असं जाहीर केलं. पण शोध लागला असं म्हणायला दोघेही तयार नव्हते. दोन फुगवटे, दोन्ही भरवशाच्या माणसांनी पाहिलेले. एक खोटा निघाला, दुसरा अजून लटकलेला. बाहेरून बघणाऱ्याला दोन्हींत फरक काय दिसणार?

“बाहेरून काहीच नाही. आतूनही नाही,” सर म्हणाले. “म्हणून तर सिग्मा विचारायचा.”

सिग्मा समजायला मला दुसरा कप चहा लागला. सरांनी रुपयाचं नाणं काढलं. नाणं खरं आहे असं धरून सलग नऊ-दहा वेळा छापा पडला तर भुवया उंचावतात. तेवढं आश्चर्य म्हणजे साधारण तीन सिग्मा. सलग एकवीस-बावीस वेळा छापा पडला तर पाच सिग्मा. म्हणजे तिथे कण नसतानाही निव्वळ योगायोगाने असा फुगवटा येण्याची शक्यता सुमारे ३५ लाखांत एक. या शास्त्रात पाचच्या खाली ‘शोध’ हा शब्द काढायचा नाही, असा दंडक आहे. तिथे हजारो लोक हजारो आलेख रात्रंदिवस बघत असतात. कुठे ना कुठे दहा छापे सलग पडणारच.

मला वाटलं, कळलं. वहीत ‘पाच = खरं’ असं लिहूनही टाकलं. सरांनी चष्म्यावरून ते वाचलं आणि म्हणाले, “आणि न्यूट्रिनोचं काय?”

सप्टेंबर २०११ मध्ये ऑपेरा नावाच्या प्रयोगाने सांगितलं होतं की सर्नपासून ७३० किलोमीटरवरच्या इटलीतल्या ग्रान सास्सोपर्यंत न्यूट्रिनो हे कण प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी पोचतात. आइन्स्टाइन चुकला, असे मथळे लागले. इटलीच्या तेव्हाच्या शिक्षणमंत्रीणबाईंच्या खात्याने तर सर्न ते ग्रान सास्सो ‘बोगदा’ बांधायला इटलीने पैसे दिल्याचं अभिमानाने पत्रक काढलं. बोगदा कसला? न्यूट्रिनो दगडमातीतून आरपार जातात, त्यांना वाट लागत नाही. त्या निष्कर्षाचा सिग्मा होता सहा. आणि पुढच्या वर्षी निघालं काय, तर एक ऑप्टिकल फायबरची केबल नीट बसलेली नव्हती. सिग्मा फक्त योगायोगापासून वाचवतो. ढिल्या केबलपासून नाही. म्हणून अॅटलस आणि सीएमएस वेगळे, त्यांची यंत्रं वेगळी, माणसं वेगळी. आणि म्हणून, सर म्हणाले, त्या लोकांनी २०१२ चा डेटा जमवताना स्वतःच्याच डोळ्यांवर पट्टी बांधली होती. १२५ च्या आसपासचा भाग आपल्याच लोकांपासून झाकून ठेवायचा, आधी गणित कसं करायचं ते पक्कं ठरवायचं, मग झाकण काढायचं. नाहीतर जे हवंय ते दिसायला लागतं. सीएमएसवाल्यांनी झाकण काढलं ते जूनच्या मध्यावर. त्यानंतर काही दिवसांतच ही अफवा माझ्या टेबलावर आली होती.

म्हणजे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात ‘सापडला’ म्हणणाऱ्याला काहीही ठाऊक असणं शक्य नव्हतं, कारण खुद्द शास्त्रज्ञांनाच ठाऊक नव्हतं. मध्यानंतर तेच वाक्य म्हणणारा कदाचित बरोबर होता. वाक्य तेच, शब्दही तेच. डेस्कवर बातमी खरी की खोटी ते आम्ही कोण सांगतंय यावरून ठरवतो. इथे कधी सांगतंय, याला जास्त किंमत होती.

आषाढी ३० जूनला होती, त्यामुळे पंढरपूरच्या बातम्यांखाली सगळं दबलं. २ जुलैला अमेरिकेतल्या फर्मीलॅबने, त्यांचं यंत्र आदल्या वर्षीच बंद केलेलं असताना, जुन्या डेट्यातून २.९ सिग्माचा फुगवटा दाखवला. ३ तारखेला सर्नच्या साइटवर सीएमएसचे प्रवक्ते जो इनकँडेला यांचा, नवा कण दिसल्याचं सांगणारा व्हिडिओ चुकून काही वेळ सगळ्यांना दिसला. सर्नने सारवासारव केली की वेगवेगळ्या निकालांचे वेगवेगळे व्हिडिओ करून ठेवलेत. काकांचा यावर काडीचा विश्वास बसला नाही. निवडणुकीच्या आदल्या रात्री विजयाचे फलक छापून घेणाऱ्यांना ते चांगले ओळखून होते.

४ जुलैला जिनिव्हात सकाळचे नऊ, आपल्याकडे दुपारचे साडेबारा. सकाळच्या पेपरच्या डेस्कवर त्या वेळी शुकशुकाट असतो. मी एकटीच मॉनिटरपुढे. प्रक्षेपण दर मिनिटाला अडखळत होतं. आत जागा मिळावी म्हणून रात्रभर दाराशी झोपलेली पोरं पायऱ्यापायऱ्यांवर दिसत होती. इनकँडेला स्लाइडमागून स्लाइड दाखवत होते आणि मी सरांनी शिकवल्याप्रमाणे फक्त एकच गोष्ट शोधत होते. मग एका स्लाइडवर हिग्ज मोडून निघणाऱ्या दोन फोटॉनांचा आणि झेड कणांचा हिशेब एकत्र आला आणि पाच हा आकडा दिसला. सभागृहात टाळ्या. आकडा ओळखता आला, याचा मला इतका आनंद झाला की मीही टाळी वाजवली. चहावाल्या पोराने वळून बघितलं. नंतर अॅटलसच्या फाबिओला जियानोत्ती आल्या. त्यांच्या स्लाइड्सचा फाँट बाळवाडीतला, कॉमिक सॅन्स. त्यावरून पुढे जगभर टवाळी झाली. त्यांचाही आकडा पाच. सर्नचे महासंचालक रॉल्फ हॉयर म्हणाले की सामान्य माणूस म्हणून मी म्हणेन, मिळाला. शास्त्रज्ञ म्हणून नाही हं, सामान्य माणूस म्हणून! ८३ वर्षांचे पीटर हिग्ज डोळे पुसत होते. १९६४ मध्ये त्यांनी कागदावर मांडलेलं ते आज समोर होतं. त्याच वर्षी तीच कल्पना आधी छापणाऱ्या दोघांपैकी फ्रान्स्वा आंग्लेर सभागृहात होते. रॉबर्ट ब्राउट आदल्या वर्षीच वारले होते.

संध्याकाळी मथळ्यावरून जुंपली. काकांना ‘देव सापडला!’ हवं होतं, उद्गारचिन्हासकट. मी ‘नवा कण सापडला, हिग्जच असण्याची दाट शक्यता’ दिलं. ‘दाट शक्यता’ हे हवामान खात्यासारखं वाटतं, आणि यंदा त्यांचं काय झालंय बघतेस ना, असं काका म्हणाले. त्या जुलैत पाऊस नव्हता. पण सर्नही तेवढंच म्हणत होतं. हा हिग्ज बोसॉनच असं त्यांनी म्हटलं २०१३ च्या मार्चमध्ये. तडजोड झाली आणि ‘देवकण’ हा शब्द बारीक टायपात वर गेला. खुद्द हिग्ज यांना ते नाव आवडत नसे, लिऑन लेडरमन यांच्या १९९३ च्या पुस्तकामुळे ते चिकटलं, वगैरे मी सांगितलं. काका म्हणाले, “हिग्ज आपला पेपर घेतात का?”

दुसऱ्या दिवशी फोन. एका बाईंना मुलाला सर्नमध्ये घालायचं होतं, कुठली एन्ट्रन्स द्यावी लागते? एका गृहस्थांचं म्हणणं, हे सगळं आपल्याकडे आधीच लिहिलेलं आहे आणि सर्नच्या आवारात नटराजाची मूर्ती उगाच नाही. ती मूर्ती भारत सरकारने २००४ मध्ये भेट दिली आहे, हे सांगितल्यावर त्यांनी फोन ठेवला. सत्येंद्रनाथ बोस यांच्यावरच्या अन्यायाची पत्रं मात्र गठ्ठ्याने आली. त्यांना नोबेल मिळालं नाही, ही गोष्ट खरीच. १९२४ मध्ये ढाक्याहून आइन्स्टाइनना धाडलेल्या त्यांच्या लेखावरून कणांच्या एका अख्ख्या कुळाला नाव पडलं, हा मान लहान आहे असं मला तरी वाटत नाही. इंग्रजीत ‘बोसॉन’चं पहिलं अक्षर लहान काढतात, यावर बऱ्याच जणांचा राग होता. देवनागरीत लहानमोठी अक्षरं नसल्यामुळे आम्ही तेवढ्या पापातून सुटलो.

या सगळ्यात एक आजोबा होते, कसब्यातले. त्यांनी विचारलं, “सापडला म्हणजे दिसला का? मग फोटो का नाही छापलात?” मी म्हटलं, तो क्षणाच्या अतिसूक्ष्म भागात मोडतो. हजारांतले दोन-तीन मोडून त्यांचे दोन फोटॉन होतात, ते फोटॉन मोजायचे आणि त्यांवरून हिशेब मांडायचा. मग फुगवटा. “मग त्या फुगवट्याचा छापा,” आजोबा म्हणाले. फोन करणाऱ्या सगळ्यांत यांनीच नेमक्या जागी बोट ठेवलं होतं. काकांच्या मते आलेख कोणी बघत नाही. तरी रविवारच्या पुरवणीत तो गेला, ठिपक्यांतल्या उभ्या रेघांसकट.

सरांचाही फोन आला होता. सगळ्या वाहिन्या सांगत होत्या की हा कण नसता तर आपल्याला वजनच नसतं. “तुझं-माझं वजन बहुतेक प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या आत कोंडलेल्या ऊर्जेचं आहे,” ते म्हणाले, “हिग्जच्या वाट्याला शेकडा एक-दोन येतील. पण इलेक्ट्रॉनला वस्तुमान नसतं तर अणूच झाला नसता, ते लिही.” लिहिलं.

२०१५ च्या डिसेंबरात पुन्हा तसंच झालं. कुजबुज, मग १५ तारखेला सर्नचा परिसंवाद, अॅटलस आणि सीएमएस दोघांनाही ७५० जीईव्हीला दोन फोटॉनांचा फुगवटा. हिग्जच्या सहापट जड आणि कोणत्याही पुस्तकात नसलेला. या वेळी मी कोणाला फोन केला नाही, आकडा बघितला. अॅटलसचा साडेतीनच्या वर, सीएमएसचा अडीचच्या वर. आणि इतक्या ठिकाणी शोधताना कुठेतरी फुगवटा येणारच, हे धरलं की दोन्ही आणखी खाली. सिंगल कॉलम लावला. शास्त्रज्ञांनी मात्र त्यावर पुढच्या काही महिन्यांत सुमारे पाचशे शोधनिबंध लिहिले, तेव्हा मोह आम्हालाच होतो असं नाही. ५ ऑगस्ट २०१६ ला शिकागोच्या परिषदेत जास्त डेटा मांडला गेला आणि फुगवटा गेला. कोणाची केबल ढिली नव्हती, कोणी चुकलं नव्हतं. नाणं तसं पडलं होतं.

महाडचा सावित्रीवरचा पूल वाहून जाऊन तीन-चार दिवस झाले होते, रिओचं ऑलिंपिक सुरू होत होतं. काका निवृत्त झाले होते. त्यांच्या जागी आलेल्यांनी विचारलं, काहीतरी न सापडल्याची कधी बातमी असते का? मी म्हटलं, सापडल्याची लावली होती ना आपण? मग सहा ओळी मिळाल्या, आतल्या पानावर, सुडोकूच्या वर.