अरेरातलं ऊन

फाल्गुनाच्या अखेरीस भोपाळच्या अरेरा कॉलनीतले कडुनिंब पानं गाळू लागतात आणि ई-सेक्टरांतल्या गल्ल्या पिवळ्या होऊन जातात. सकाळचं तिरकं ऊन जुन्या बंगल्यांच्या व्हरांड्यांत उतरतं, वेताच्या रिकाम्या खुर्चीवर रेंगाळतं, दोरीवर वाळणाऱ्या नऊवारीतून आरपार जातं. गेली काही वर्षं मी हेच टिपते आहे. कृष्णधवल आणि माणसांविना; पण माणूस नुकताच उठून गेला आहे, हे खुर्चीवरून कळावं. आता या मालिकेचं प्रदर्शन मांडायचं आहे, म्हणून घरभर टेस्ट प्रिंट पसरले आहेत.

भोपाळची छायाचित्रं म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येतं, हे मला माहीत आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला. त्यानंतरच्या दफनांत मातीत अर्धवट झाकलेला एका बाळाचा चेहरा रघु राय यांनी कृष्णधवल टिपला. पाब्लो बार्थोलोम्यू यांनी तोच रंगीत टिपला आणि १९८४ चं सर्वोत्तम वृत्तछायाचित्र म्हणून वर्ल्ड प्रेस फोटोने तो निवडला. पुढे राय ग्रीनपीससाठी पुन्हा इथे आले, वाचलेल्यांमध्ये हिंडले. त्या कामाचं पुस्तक झालं, प्रदर्शनं देशोदेशी फिरली.

कारखाना शहराच्या उत्तरेला, आमची वस्ती दक्षिणेला. विषाचा मोठा तडाखा जुन्या शहराने सोसला. म्हणून माझ्या उन्हाच्या फोटोंनी ते चित्र पुसलं जावं असं मला मुळीच वाटत नाही. ते पुसू पाहणारं छायाचित्रण मला खोटं वाटतं. पण ज्या गावावर मृत्यूची अशी मोहोर उठली, तिथे लोक रोज अंगण झाडतात, तुळशीला पाणी घालतात. याचीही नोंद कुणीतरी ठेवायला हवी.

भिंतीवर लावलेलं काम कसं पाहावं, हे मला श्यामला हिल्सवरच्या भारत भवनाने शिकवलं. चार्ल्स कोरियांनी रचलेली, १९८२ साली खुली झालेली ही वास्तू तलावाकडच्या उतारात अशी बसवली आहे की आपण वरून शिरतो आणि अंगणाअंगणांतून खाली उतरत जातो. दालनांत प्रकाश वरून झिरपतो. चित्रकार जे. स्वामीनाथन यांनी तिथल्या ‘रूपंकर’ या कलासंग्रहालयात आदिवासी कलाकार आणि शहरी चित्रकार एकाच मानाने मांडले. अशा जागी फोटोला आकार असतो, कागदाला पोत असतो, काळ्या रंगात आत आणखी काळे दिसू लागतात. फोनवर बोटाने सरकवलेल्या चित्रात यातलं काहीच उरत नाही. म्हणून मी सुती कागदाचा हट्ट धरते, रुंद माउंट ठेवते आणि मोजकेच प्रिंट लावते.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. रायांच्या त्या जगप्रसिद्ध छायाचित्राच्या नावातही बाळ ‘अज्ञात’च आहे. चेहरा सगळ्या जगाने पाहिला, नाव कुणालाच सांगता आलं नाही.

प्रदर्शनाला याल तेव्हा माझ्या प्रिंटांसमोर सावकाश उभे राहा, एवढं मागणं आहेच. पण घरी परतल्यावर जुने अल्बमही काढा. प्रत्येक फोटोच्या पाठीवर मऊ पेन्सिलीने माणसांची नावं, गाव आणि साल लिहा. ज्यांना ती माहीत आहेत ते हयात असतानाच लिहा.