उभ्या गवताचा पाहुणा

मावळात इंद्रायणी भात पिवळं पडायला लागलं की गप्पीदास येतो. चिमणीहून लहान पक्षी. बसायला त्याला एकच जागा लागते: आसपासच्या गवतातली सगळ्यांत उंच, वाळलेली काडी. तिच्या टोकावर तो बसतो, काडी वाऱ्यावर झुलते, तो शेपटी झटकत तोल सांभाळतो. नजर सतत खाली. एखादा टोळ किंवा मुंगळा हलला की पटकन उतरायचं, चोचीत उचलायचं आणि परत त्याच काडीवर यायचं. मधूनच ‘टक टक’ असा कोरडा आवाज. मार्च सरला की तो निघून जातो. त्याची घरटी हिमालयाच्या उतारांवर, मध्य आशियात, पार सायबेरियापर्यंत. आपल्याकडे तो फक्त हिवाळ्याचा पाहुणा.

नर दिवाळीच्या सुमाराला आला तेव्हा पाहिला तर ओळखू येऊ नये इतका मळकट दिसतो. डोकं तपकिरी, छाती फिकट. फेब्रुवारीच्या अखेरीस तोच पक्षी काळ्याभोर डोक्याचा, मानेवर पांढरा ठिपका आणि छातीवर नारिंगी रंग घेऊन बसलेला असतो. या काळात त्याला नवी पिसं येत नाहीत. काळा रंग आधीपासून असतोच, फक्त प्रत्येक पिसाला मातकट किनार असते. गवतात, उन्हात, वाऱ्यात ती किनार झिजते आणि खालचा रंग उघडा पडतो. नव्या लुगड्याची खळ धुता धुता जावी आणि खरा पोत दिसावा, तसं. ही झीज आमच्या डोंगरांवर होते. विणीच्या हंगामात तो जिथे मिरवतो तिथल्या लोकांना तयार नर दिसतो. तो तयार होताना दिसतो आपल्याला.

मी त्याला पहिल्यांदा पाहिला तो पवन मावळात, आजोबांच्या कुरणात. मावळाचे तीन भाग, आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळ. तिन्हींकडे तेव्हा घराघराचं कुरण असायचं. खाचरात भात आणि वरच्या उतारावर गवत. पहिला पाऊस पडला की कुरणाच्या हद्दीच्या दगडांना चुना लागायचा आणि त्या दिवसापासून आत जनावर सोडायचं नाही. गवत कमरेएवढं व्हायचं. पावसाळाभर ते राखायचं, आधी भाताची कापणी आणि झोडणी उरकायची, आणि मग विळे कुरणाकडे वळायचे. पेंढ्या बांधायच्या, भारे डोक्यावरून उतरवायचे, घरामागे गंज रचायची. घरच्या जनावरांना पुरून उरलेलं गवत ट्रकमध्ये भरून घाटाखाली तबेल्यांना जायचं. भात घरात खायला आणि गवत हातात पैसा यायला, असा तो हिशेब होता.

कुरणाचा वरचा पट्टा, कड्याच्या अगदी पायथ्याचा, आजोबा कापत नसत. तिथे उतार फार, पाय ठरत नाही, आणि तिथलं बी खाली पडून पुढच्या वर्षी कामाला येतं असं ते म्हणत. गप्पीदास त्या न कापलेल्या पट्ट्यात असायचा. आजोबांना त्याचं नाव ठाऊक नव्हतं. ‘काडीवरची चिमणी’ म्हणायचे. पण कापणीला त्या बाजूला जाताना एवढं मात्र बघायचे, की ती बसते तो झुपका राहिला पाहिजे. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि कोणी विचारलंही नाही.

कुरणातून आलं की आजी ओट्यावर बसून लुगड्याच्या काठातली कुसळं वेचायची. ती मीही वेचली आणि त्यांच्याशी खेळलेही. कुसळी गवताचं बी हातात घेऊन बघण्यासारखं असतं. एका टोकाला सुईसारखं अणकुचीदार आणि मागच्या बाजूला दोरीसारखी पिळलेली लांब शेपटी. तळहातावर ठेवून त्या शेपटीला थुंकीचं बोट लावलं की ती उलगडायला लागते आणि सगळं बी गरगर फिरतं. सुकलं की पुन्हा पीळ बसतो. जमिनीवर पडलेलं बी दहिवरानं भिजतं, उन्हानं सुकतं, आणि असं फिरत फिरत स्वतःला मातीत रोवतं. पेरणारा कोणी नाही, नांगर नाही. आजीला या बियांचा मनापासून राग होता आणि माझ्या बाजूला बसून ती त्यांचं फिरणं बघतही राहायची.

त्या पक्ष्याचं नाव मला पुण्यात कॉलेजात असताना, पक्षी बघणाऱ्या मंडळींबरोबर हिंडताना कळलं. पुढे मारुती चितमपल्लींचा ‘पक्षीकोश’ आला आणि मराठी वाचकाला पक्ष्यांची नावं एका जागी सापडायला लागली. वनखात्यात आयुष्य काढलेला हा माणूस रानातल्या लोकांच्या तोंडची नावं टिपत गेला, याबद्दल मला कायम कृतज्ञता वाटते. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सलीम अलींचा १२ नोव्हेंबर. हा आठवडा २०२० पासून महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात. चितमपल्ली जून २०२५ मध्ये गेले. सप्ताहाचे दिवसही नेमके पडले आहेत. तोवर हिवाळी पाहुणे येऊन स्थिरावलेले असतात आणि मावळातलं गवत अजून उभं असतं.

निदान तेव्हा असायचं. नोकरीच्या वर्षांत मी पुणे-लोणावळा लोकलनं ये-जा केली. कान्हे, कामशेत, मळवली, या टप्प्यात खिडकीतून दोन्ही बाजूंचे उतार दिसतात. नोव्हेंबरात ते सोनेरी असायचे. २००२ मध्ये मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि पुढच्या काही वर्षांत ते उतार तुकड्यातुकड्यांनी बदलताना दिसले. आधी तारेचं कुंपण, मग फाटक, मग पाटी. त्याच कुंपणांनी मला एक गोष्ट दाखवली. प्लॉट विकत घेऊन मालक वर्षानुवर्षं फिरकत नाही, आणि तारेमुळे गुरं आत जात नाहीत. दोनतीन पावसाळ्यांत आतलं गवत असं काही माजतं की बघत राहावं. आधी कुसळी, मग हळूहळू पवना, डोंगरी, मारवेल, म्हणजे मुळं खोल धरणारी, वर्षानुवर्षं टिकणारी गवतं. आणि गप्पीदास त्या काटेरी तारेवर. कोणी न ठरवता तिथे कुरण परत आलेलं असायचं. पुढे बंगला उठायचा, जमीन सपाट व्हायची, मेक्सिकन लॉन यायची. हिरवीगार, बोटभर उंचीची, जिच्यात एकही काडी उभी नाही आणि एक टोळ सापडायचा नाही. तिथून तो पक्षी गेला म्हणजे जातोच.

लोणावळ्याच्या बाजूचं गवत आणि देशावरच्या माळाचं गवत एक नव्हे, हेही सांगायला हवं. लोणावळ्याला वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या पुढे जाणारा पाऊस तळेगावला येईपर्यंत पार ओसरतो, तोही एका तालुक्याच्या आत. पश्चिमेचे डोंगरउतार पुष्कळ ठिकाणी जंगल तुटून, कापणी आणि वणव्याखाली राहून गवताचे झालेले आहेत. सड्यांची गोष्ट वेगळी. तिथे मातीच इतकी पातळ की झाडं धरत नाहीत. पूर्वेकडे मात्र माळ हा माळच, आपल्या हक्कानं. म्हणून ‘सगळीकडे गवत राखा’ असं मी म्हणणार नाही. ओढ्याकाठी, घळीत रान वाढत असेल तर वाढावं. पण कुरण होतं तिथे जेसीबीनं ओळीत खड्डे मारून गिरिपुष्प लावायचं आणि त्याला वनीकरण म्हणायचं, हे मला बघवत नाही. गिरिपुष्पाच्या सावलीत गवत येत नाही आणि त्याचा पाला आमच्याकडची गुरं सहसा खात नाहीत. डोंगर लांबून हिरवा दिसतो, एवढंच.

यामागे कागदही आहे. आजोबांचं कुरण सातबाऱ्यावर पोटखराब्यात होतं. ज्या जमिनीनं घरातली लग्नं निभावली ती कागदावर खराबा. देशपातळीवर पडीक जमिनींचे नकाशे झाले त्यांतही खुली गवताळ रानं पडीक म्हणूनच रंगवली गेली, आणि पडीक म्हटलं की तिथे झाडं, सौर पॅनल, वसाहत, काहीही करायला मोकळीक. खरं तर दाबडघाव आणि शंकरनारायण यांनी १९७३ मध्येच देशातल्या गवताच्या आच्छादनाचे पाच मोठे प्रकार मांडले होते. त्यांपैकी पवना-मारवेल यांच्या कुळातला प्रकार हा आपल्या दख्खनचा. म्हणजे माहिती नव्हती असं नाही.

आपल्याच पुणे जिल्ह्यात राखलेलं गवत बघायचं असेल तर मी लोकांना हिवाळ्यात सुप्याला जा म्हणते. बारामती तालुक्यातलं मयूरेश्वर अभयारण्य, १९९७ मध्ये जाहीर झालेलं, पाच चौरस किलोमीटरच्या थोडं पुढे, चिंकाऱ्यांसाठी राखलेलं. मावळातून तिथे गेलं की आधी डोळ्यांना सवय करावी लागते. मुरमाड जमीन, मधूनमधून बोर आणि हिवर, गवत गुडघ्याएवढं. सकाळी थंडी हाडात शिरते. डोंबारी नावाचा चंडोल सरळ वर चढतो, पंख मिटून खाली सूर मारतो, पुन्हा वर चढतो. माळटिटवी वाटेवरच उभी असते आणि आपण जवळ गेलो की दोन पावलं पुढे. चिंकारा दिसतो तो पळताना नव्हे, उभा असतो तेव्हा, फक्त तो आहे हे कळायला वेळ लागतो. आणि गप्पीदास इथेही, बोरीच्या शेंड्यावर, आमच्याकडच्यासारखाच शेपटी झटकत.

पण सुप्याला जायचं ते भोवत्यांसाठी. हा शिकारी पक्षी. लांब, सडपातळ पंख किंचित वर उचलून गवतावरून हातभर उंचीनं तरंगत जातो. मध्येच वळतो, मागे येतो, खाली कोसळतो. कझाकस्तानाच्या गवताळ मैदानांतून हजारो किलोमीटर उडत येऊन तो आपल्या माळांवरचे टोळ खातो. रात्री झाडावर बसत नाही. सूर्य मावळताना उंच गवत निवडतो आणि जमिनीवर उतरतो. गुजरातेत वेळावदरला, काळविटांसाठी १९७६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय उद्यानात, असे भोवते शेकड्यांनी उतरतात. संध्याकाळी तुम्ही त्याला गवतात दिसेनासा होताना पाहिलात की लक्षात येतं, चराईनं खुरटलेला माळ त्याला दिवसा कदाचित चालेल, पण रात्री झोपायला त्याला उभं गवतच हवं. इंदापूर तालुक्यात कडबनवाडीला गावकरी आणि वनखात्यानं असंच गवत सांभाळलं. तिथे लांडगे आणि चिंकारे आहेत. २०२४ पासून तिथे आणि शिरसुफळला वनखात्याची गवताळ प्रदेशाची सफारी चालते. गवत बघायला लोक पैसे देऊन येतात, हे आजीला पटलं नसतं. मला फार बरं वाटतं. सोलापुरात नान्नजला १९७९ मध्ये माळढोकसाठी अभयारण्य झालं. माळढोक तिथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही उरले नाहीत. ते दुःख निराळं आणि त्यावर थोडक्यात लिहिता येत नाही.

मावळात अभयारण्याएवढी सलग जमीन कुणाजवळ नाही. जे होईल ते कुरणाकुरणानं होईल. आजोबांचं कुरण आता मामेभाऊ बघतो. त्याच्याकडे दोन म्हशी आहेत आणि उतारावरचं गवत कापायला मजूर मिळत नाहीत. मिळाले तर मजुरी गवताच्या किमतीपेक्षा जास्त होते. म्हणून बरीच कुरणं आता कापलीच जात नाहीत, फेब्रुवारीत कोणीतरी काडी टाकतं आणि सगळा उतार एका रात्रीत काळा होतो. एकदा अशा जळालेल्या उताराच्या कडेला मी गप्पीदास पाहिला. तारेच्या खांबावर बसून खाली उतरायचा आणि राखेत काहीतरी शोधून परत यायचा. त्याचं डोकं तेव्हा काळं व्हायला लागलं होतं.

मी भावाशी बोलले. त्याला पक्ष्यांत विशेष रस नाही, पण आजोबांचा वरचा पट्टा त्यालाही आठवत होता. काही गोष्टी ठरल्या. खालचं, हाताशी येणारं गवत कापायचं आणि त्याच्या मजुरीत माझाही वाटा. वरचा पट्टा आणि मधले काही झुपके होळीनंतरपर्यंत उभे ठेवायचे. घाणेरी वाढतेय ती पावसाच्या तोंडावर, माती ओली असताना मुळापासून उपटायची. सगळ्यांत महत्त्वाची जाळरेषा. वनखातं काढतं तशी, कुरणाच्या चारी बाजूंनी दोन काठ्यांच्या रुंदीचा पट्टा साफ करायचा, म्हणजे शेजारचा वणवा आत येणार नाही. ते काम डिसेंबरच्या आत उरकावं लागतं, कारण नंतर गवत इतकं वाळतं की विळ्याची ठिणगीसुद्धा नको वाटते.

पहिल्या वर्षी रेषा अरुंद पडली आणि आग एका कोपऱ्यातून शिरली, पण वरच्या पट्ट्यापर्यंत गेली नाही. यंदा शेजारच्या दोघांनी आपल्या हद्दीकडूनही रेषा काढायची तयारी दाखवली आहे. त्यातल्या एकाचा सौदा अजून चालू आहे. प्लॉट गेला तर नवा मालक काय करेल, सांगता येत नाही. भावानं परवा फोन केला तो खरं तर भाताच्या भावाबद्दल. ठेवता ठेवता म्हणाला, “ताई, तुझी काडीवरची चिमणी आली बघ. वरच्या बाजूला एक आणि म्हशी बांधतो तिथं एक. जाळरेषेला माणसं कधी सांगू?” पुढच्या रविवारी सांग म्हटलं. विळे मी इथूनच धार लावून नेते आहे.